नव्या कोऱ्या सदऱ्याचा नवेपणा कसा मारायचा

नाटक बघायला बसले की पडदा उघडल्यावर माझी नजर आधी कपड्यांवर जाते, सवयच लागलीय तशी. आणि कितीतरी वेळा असं होतं की स्टेजवर दुष्काळातला शेतकरी उभा आहे, नट जीव तोडून काम करतोय, संवाद काळजाला भिडतायत, आणि अंगातल्या सदऱ्यावर मात्र दुकानातल्या घडीच्या चौकोनी रेघा जशाच्या तशा. नाहीतर दुसरं टोक, गरीब माणूस दाखवायचाय म्हणून सगळ्या कपड्यांवर चहाचं पाणी ओतलेलं आणि वर बूट पॉलिशचे पट्टे. दोन्ही बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण हे नीट करायला पैसे फार लागत नाहीत, वेळ लागतो आणि थोडा विचार लागतो. आमच्या हौशी ग्रुपचा कपडेपट मी बरीच वर्षं बघतेय, जे हाताला आलंय ते सगळं लिहून काढते.

सिनेमावाले याला एजिंग म्हणतात, डिस्ट्रेसिंग म्हणतात, कुणी ब्रेकडाउन म्हणतं. आम्ही आपलं नवेपणा मारणं म्हणतो.

उदाहरण म्हणून आमच्या ऊसतोड कामगारांवरच्या एकांकिकेचेच कपडे घेते. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे ज्याला तिकडे एक कोयताच म्हणतात. त्याचा सदरा, पॅन्ट, डोक्याला टॉवेल. तिची साडी आणि साडीवरून घातलेला पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट. तालमी सुरू व्हायच्या आधी आम्ही चौघंजण एका साखर कारखान्याजवळच्या कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांवर, गेलो होतो, गळीत हंगाम चालू होता, बीडकडची टोळी होती. माझ्या डोक्यात तेव्हा एकच की कपडे किती मळके करायचे ते बघून यायचं. संध्याकाळी पोचलो तर कोपीबाहेर दोरीवर ओळीने धुतलेले कपडे वाळत घातलेले, विटलेले, ठिगळं लावलेले, पण स्वच्छ. एका ताईंना मी साडीवरच्या शर्टाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "पाचाट लई कापतंय हाताला, म्हणून मालकाचा सदरा घालायचा वरून." पाचट म्हणजे उसाची वाळकी पानं, आणि मालक म्हणजे नवरा. मग आम्ही नाटकवाले आहोत कळल्यावर जरा थांबून म्हणाल्या, "ताई, नाटकात आमाला लई घाण दाखवू नका बरं का. आमी रोज धुतो कापडं."

त्या एका वाक्याने माझी कामाची पद्धतच बदलली. जुनं आणि मळकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपड्याचं जुनेपण हे वर्षानुवर्षांचं असतं, धुऊन धुऊन विरलेलं, उन्हाने विटलेलं, शिवलेलं, रफू केलेलं. आणि मळ असतो तो आजचा, आज सकाळपासून जे काम केलं त्याचा, आणि तो ठराविक जागीच असतो. हे दोन थर वेगवेगळे करायचे, आधी जुनेपण पूर्ण करायचं आणि मगच मळाला हात लावायचा. गरीब माणूस दाखवायला कपडा घाण करायची बहुतेकदा गरजच नसते, तो झिजवावा लागतो. उलट केलंत, म्हणजे नव्या कापडावर मळ लावलात, तर प्रेक्षकाला नवीन कपड्यावर काहीतरी सांडलंय एवढंच दिसतं.

कापड

आधी हे बघा की कपडा कशाचा आहे, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. शिवणीच्या आतून चार धागे काढा आणि वाटीत धरून काडी लावा, बेसिनजवळ बसा. सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो आणि हलकी राख उरते, बोटाने चुरडली जाते. टेरिलिन-पॉलिस्टर असेल तर वितळून आकसतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही असतं, थोडं जळतं थोडं वितळतं. सुती असेल तर तुमचं निम्मं काम झालं, चहा, काथ, ब्लीच, सगळं त्यावर चढतं. पॉलिस्टरवर चहा बसत नाही आणि ब्लीचने ते विटतही नाही, त्याला वेगळे उपाय, ते पुढे सांगते. लोकर आणि रेशमाला ब्लीच अजिबात लावू नका, धागाच खाऊन टाकतं.

शक्य असेल तर मुळात जुनंच कापड मिळवा. पुण्यात असाल तर बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजार आहे, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे बोहारणीला द्यायला काढलेलं घरातलं गाठोडं, ओळखीच्या चार घरी आधीच सांगून ठेवायचं. त्या कोप्यांवर आम्ही दोन नवे शर्ट देऊन दोन जुने मागून घेतले, त्यांनी हसत हसत दिले, आणि ते दोन शर्ट माझ्यासाठी पुस्तकासारखे आहेत. भाड्याने आणलेल्या कपड्यांवर मात्र यातलं काहीही करू नका, डिपॉझिट तर जाईलच, आणि पुढच्या ग्रुपला तोच खराब कपडा मिळेल.

नवं घेणार असाल तर एकाच ताग्यातलं दोन नगांचं घ्या. एक कपडा आणि एक ट्रायलला. प्रत्येक रंग, प्रत्येक ब्लीच आधी ट्रायलच्या तुकड्यावर. आणि फिटिंग, उंची, बटणं, सगळी शिलाईची कामं आधी संपवा, नंतर मशीनवर टाकलेली नवी टीप लगेच डोळ्यात भरते.

आपल्याकडे वेशभूषा म्हटलं की अजून शालू-पैठण्याच आठवतात लोकांना, पण १९८३ मध्ये वेशभूषेचं ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया, यांना ते मिळालं 'गांधी' सिनेमासाठी, जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून. म्हणजे खादी आणि साध्या माणसांच्या कपड्यांसाठी! हे मी आमच्या नवीन पोरांना दरवेळी सांगते.

खळ काढणे

नव्या कापडात खळ असते, त्यामुळे ते ताठ उभं राहतं आणि रंगही नीट पीत नाही. कडक गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजत घाला, सकाळी पिळा, परत धुवा, असं तीन-चार वेळा. दगडावर धोपटायला जागा असेल तर मनसोक्त धोपटा, मशीनमध्ये धुवत असाल तर दोन जाड जीन्सबरोबर टाका. इस्त्री अजिबात नाही. इतक्यानेच कपडा अर्धा जुना दिसायला लागतो.

झीज

हा माझा आवडता भाग आहे आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा, म्हणून जरा सविस्तर.

ब्रश, कात्री, काहीही हातात घ्यायच्या आधी तो कपडा नटाला घालायला द्या आणि त्याला कामाची ॲक्शन करायला सांगा. आमच्या नटाला मी ऊस तोडायला लावलं, डाव्या हाताने ऊस धरायचा, उजव्या हातात कोयता, वाकायचं, बुडातून तोडायचं, शेंड्याचं हिरवं वाढं छाटायचं, मोळी बांधायची, उचलायची. आणि मी खडूने खुणा करत गेले, कुठे घासतंय, कुठे ताण येतोय, कुठे घडी पडतेय. त्यावरून कळलं की डाव्या बाहीचा पुढचा भाग उजव्यापेक्षा खूप जास्त झिजणार, कारण पाचट त्याच बाजूला घासतं, उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. पोटाजवळ मोळी टेकते तिथे झिजणार. बायको डोक्यावर मोळी वाहते तर तिच्या शर्टाचे खांदे आणि डोक्यावरच्या टॉवेलची चुंबळ. गुडघे, कोपर, कॉलरची घडी, कफची कड, खिशाचं तोंड हे तर सगळ्यांच्याच कपड्यात असतं. दोन्ही बाजू सारख्या झिजलेला कपडा खोटा दिसतो, कारण दोन्ही हातांनी सारखं काम कुणीच करत नाही.

हत्यारं घरचीच. पाय घासायची वज्री, ती कॉलरच्या आणि कफच्या कडेला इतकी सुंदर चालते की विचारू नका. गुडघे-कोपरांना साठ किंवा ऐंशी नंबरचा सँडपेपर, आत लाकडी ठोकळा किंवा पोळपाट ठेवून घासायचं म्हणजे पाठीमागचं कापड फाटत नाही. जाड कापडाला तारेचा ब्रश. जुनी किसणी पण चालते पण जपून, ती एकदम भोक पाडते. घासायचं ते एकाच दिशेने, जशी खरी झीज होते तसं, गोल गोल नाही. आणि सगळं बाहेर गच्चीत करा, तोंडाला मास्क लावून, बारीक धागे नाकात जातात. भोक पाडायचंच असेल तर कात्रीने कापू नका, कात्रीचं भोक लांबूनही कळतं. आधी घासून घासून कापड विरळ करायचं, आरपार उजेड दिसायला लागला की बोटाने ताणायचं, ते आपोआप जाईल आणि कडेला आडवे-उभे धागे लोंबतील.

खिशांसाठी एक युक्ती. कपडा ओला करा, खिशात मूठ-मूठ दगड भरा, हँगरला लावून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी खिसे खाली लोंबलेले, तोंड उघडं पडलेलं, वर्षानुवर्षं त्यात काहीतरी ठेवल्यासारखं. तसंच कोपराच्या घड्यांसाठी बाही ओली करून कोपराजवळ गोळा करून रबर लावायचं आणि उन्हात वाळवायचं. डोक्याच्या टॉवेलला ओला असताना पीळ घालून दोन्ही टोकं बांधून दोन दिवस उन्हात टाकला, तर तो पीळ नंतर धुतला तरी थोडा उरतोच.

विटणे

ऊन वरून पडतं. त्यामुळे खांदे, पाठीचा वरचा भाग, बाहीची वरची बाजू विटते, आणि कॉलरच्या खाली, काखेत, खिशाच्या झाकणाखाली, शिवणीच्या आत मूळ रंग तसाच राहतो. वेळ असेल तर खरंच गच्चीत महिनाभर टाका, आलटून पालटून ओला करत, त्यासारखं काहीच नाही. आम्हाला एवढा वेळ कधीच नसतो म्हणून ब्लीच.

घरगुती लिक्विड ब्लीच एक भाग, पाणी दहा भाग, स्प्रेच्या बाटलीत. हातमोजे, डोळ्याला चष्मा, उघड्यावर. कॉलर खाली घडी घालूनच ठेवायची, खिशाचं झाकण बंद, म्हणजे तिथला रंग वाचतो. खांद्यावरून खाली विरळ होत जाईल असं मारायचं आणि तिथेच उभं राहायचं, चहा प्यायला जायचं नाही, पाच-सात मिनिटांत खेळ होतो. ओला कपडा गडद दिसतो, वाळल्यावर अजून फिका होतो, तेव्हा हवा त्यापेक्षा थोडा गडद असतानाच थांबवा. भरपूर पाण्याने खंगाळा आणि मग बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवून दहा मिनिटं बुडवून ठेवा. हे केलं नाही तर ब्लीच आत काम करत राहतं आणि दोन महिन्यांनी कपडा हातात फाटतो. काही जण इथे व्हिनेगर टाका म्हणतात, ते चुकूनही करू नका, ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा बाथरूमचं ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, छोट्या बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

टेरिकॉट-पॉलिस्टरला विटवायचं तर वरून रंगच द्यावा लागतो. पांढऱ्यात चिमूटभर करडा मिसळून फॅब्रिक पेंट पाण्यासारखा पातळ करायचा आणि खांद्यावर लांबून हलका फवारा, वाळू द्यायचं, परत एक. आधी सँडपेपर मारून बारीक गोळे आणले असतील तर फारच खरं दिसतं, कारण जुन्या टेरिकॉटवर ते गोळे असतातच. एकांकिकेतल्या बायकोच्या शर्टाला आम्ही हेच केलं.

तळरंग

आता चहा. चहाबद्दल माझं मत असं की तो सगळेजण सरसकट वापरतात म्हणून बदनाम झालाय, योग्य जागी छान आहे. पाच लिटर पाण्यात शंभर ग्रॅम चहाची भुकटी, पंधरा मिनिटं उकळायची, गाळायची, नीट गाळायची नाहीतर ठिपके पडतात. कपडा आधी साध्या पाण्यात भिजवून पिळून मगच घालायचा, कोरडा घातलात तर चट्टे पडलेच म्हणून समजा. रंग पक्का हवा असेल तर आधी तुरटीच्या गरम पाण्यात अर्धा तास, एका सदऱ्याला पंचवीस-तीस ग्रॅम तुरटी पुरते. चहात वीस मिनिटांनी उचलून बघा, वाळल्यावर दोन छटा फिका होईल हे धरून चाला. चहाऐवजी काथ घातला तर लालसर तपकिरी येतो, ऊन खाल्लेल्या जाड कापडाला तो जास्त शोभतो.

चहाच्या रंगात करडेपणा हवा असेल तर लोखंड. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये आठ-दहा दिवस बुडवून ठेवायचे, झाकण सैल, ते पाणी बादलीत दोन-चार चमचे टाकायचं आणि चहात रंगवलेला कपडा त्यात घालायचा. डोळ्यांदेखत करडा होत जातो, हिरडा वापरला असेल तर जवळजवळ काळाच. पहिल्यांदा करताना थोडंच टाका. आणि भरपूर खंगाळा, लोखंड कापडाला कालांतराने कुजवतं.

पण पांढरं धोतर, पांढरा सदरा असेल तर चहा हा बऱ्याचदा चुकीचा रंग आहे. गावाकडे पांढरे कपडे धुताना नीळ घालतात. म्हणजे रोज धुतलेलं जुनं धोतर पिवळट नसतं, निळसर करडं असतं, आणि नीळ नीट ढवळली गेली नसेल तर घड्यांच्या कडेला गडद निळी झाक राहते. माझ्या चुलत्यांचं एक जुनं धोतर आहे माझ्याकडे, तुम्ही ते चहात बुडवलेल्या धोतराशेजारी ठेवून बघा, एक माणसाचं वाटतं आणि दुसरं संग्रहालयातलं. त्यामुळे पांढऱ्याला आधी हलका चहा, अगदी दोन मिनिटं, फक्त कोरेपणा जायला, आणि वर नीळ.

हळद रंगासाठी वापरू नका, उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते. हां, स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या पदराला हळदीचं बोट पुसलेलं दाखवायचं असेल तर मात्र खरी हळदच लावा.

ठिगळ, रफू, बटणं

हा थर लोक विसरतात. चुलत्यांच्या धोतराबरोबर त्यांचा एक सदरा पण आलाय माझ्याकडे, तो मी प्रत्येक नवीन माणसाला हातात देऊन बघायला लावते. चार बटणांपैकी तीन पांढरी, एक जरासं मोठं, दुधी रंगाचं, काळ्या दोऱ्याने लावलेलं. कॉलर विरली म्हणून शिंप्याकडून उलटून घेतलेली, त्यामुळे घडीची बाजू स्वच्छ आणि आतली बाजू विरळ झालेली, मूळची टीप उसवली तिथे बारीक भोकांची रांग अजून दिसते. डाव्या खिशावर एक गोल वळ, तंबाखू-चुन्याच्या डबीचा, कापड त्या गोलावरच पातळ झालंय. कोपरावर ठिगळ, आणि ठिगळाचं कापड त्याच सदऱ्याच्या खालच्या दुमडीतून काढलेलं, त्यामुळे ते बाकीच्या सदऱ्यापेक्षा गडद आहे, कारण त्याने ऊनच पाहिलं नव्हतं. काकूंच्या हातची धावदोऱ्याची शिवण, बारीक आणि सरळ. त्या घरात कोण कशी काळजी घेत होतं हे सगळं त्या कोपरावर लिहिलेलं आहे.

म्हणून ठिगळ लावताना हा विचार करा की कुणी लावलंय. एकटा राहणारा माणूस मोठे वाकडे टाके घालेल. भडक लाल-पिवळं चौकोनी ठिगळ हे सर्कशीतलं, ते नको. ठिगळ लावून झाल्यावर त्याच्यावर पण वज्री फिरवा, धुवा, तेही जुनं व्हायला हवं. साडीला आम्ही टाचेच्या बाजूचा फॉल वीतभर उसवून लोंबता ठेवला आणि त्याच्या वरती एक टाका वेगळ्या दोऱ्याने घातला, एवढ्याशा गोष्टीने साडी एकदम तिची झाली.

आजचा मळ

आता कुठे मळाकडे यायचं. आधी ठरवा की माणूस कुठला आहे, कारण माती वेगळी. मराठवाड्याची, विदर्भाची काळी माती ओली असताना काळी दिसते पण वाळून कपड्यावर बसली की राखाडी-तपकिरी होते, म्हणून काळा रंग लावू नका, तपकिरीत काळा आणि थोडा पांढरा मिसळा. कोकणात-गोव्यात जांभ्याची लाल धूळ, तिला गेरूचा रंग, थोडा तपकिरी. कोकणातल्या नाटकात काळा चिखल दिसला की तिथल्या माणसाला लगेच खटकतं.

खरी माती लावायचा मोह होतो, मी पण सुरुवातीला लावलीय. ती प्रयोगाला झडते, लाइटमध्ये धूळ उडते, नटाला ऐन संवादात खोकला येतो, आणि दुसऱ्या प्रयोगाला काही उरत नाही. त्यापेक्षा फॅब्रिक पेंट किंवा ॲक्रिलिकमध्ये फॅब्रिक मीडियम घालून लावा. मऊ धूळ दाखवायला मात्र मुलतानी माती पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून प्रवेशाआधी विंगेबाहेर हलके थापटायची, तेवढी चालते, नाकातोंडापासून दूर.

चिखल कुठे उडतो? चालताना चप्पल मागे पाणी उडवते, म्हणजे पोटऱ्यांवर, मागच्या बाजूला, आणि वर विरळ होत जातो. जुन्या टूथब्रशवर रंग घेऊन अंगठ्याने खालून वर झटकायचा. कडेला जाड चिखल हवा तर रंगात लाकडाचा भुसा आणि धुऊन वाळवलेली चहाची चोथापत्ती, थोडा फेव्हिकॉल, असा लगदा करून बोटाने लावायचा, ब्रशने नाही. हे कडक होतं आणि धुतलं की सुटतं, तेव्हा फक्त खालच्या कडेला.

उसाचा रस चिकट असतो, त्यावर धूळ बसून काळपट, किंचित चमकणारे डाग होतात. हे डाव्या बाहीला आणि पोटावर. पातळ फेव्हिकॉलमध्ये तपकिरी-काळा मिसळून स्पंजच्या तुकड्याने टिपलं आणि अगदी तसंच आलं. कॉलरच्या आतला तेलकट पट्टा मेणबत्ती घासून त्यावर कोळशाची अगदी बारीक पूड चोळून, वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची, मेण कापडात मुरतं. बूट पॉलिश मी वापरत नाही, वास येतो आणि समोरच्या नटाच्या कपड्याला लागतं.

घामाचं म्हणाल तर दोन प्रकार. जुना वाळलेला घाम, गडद कपड्यावर पांढरी नागमोडी रेघ, त्याला मिठाचं दाट पाणी लावून पंख्याखाली वाळवायचं, कडेला मीठ आपोआप जमतं, प्रत्येक प्रयोगाला नव्याने. पांढऱ्या कपड्याला काखेत दाट चहा थोडा ओतून तसाच वाळू द्यायचा, कड गडद होते, मग आतल्या बाजूला दुसरी लहान कड. आणि आत्ताचा ओला घाम हवा असेल तर पाण्यात ग्लिसरीन मिसळून पाठीवर फवारा, साधं पाणी लाइटच्या उष्णतेने वाळून जातं, हे टिकतं.

एक चूक मी केलेली सांगते. पहिल्या शेतकऱ्याच्या सदऱ्याला मी सगळीकडे सारखाच तपकिरी रंग मारला होता, मेहनत खूप घेतली, आणि मागच्या रांगेत बसून बघितलं तर तो मळका दिसतच नव्हता, नुसता तपकिरी रंगाचा सदरा दिसत होता. मळ दिसायला शेजारी स्वच्छ जागा लागते. कॉलरची घडी उचलली की खाली मूळ रंग दिसला पाहिजे.

लाइट

घरच्या ट्यूबलाइटमध्ये खूश होऊ नका. पिवळ्या-अंबर लाइटमध्ये चहाचे आणि पिवळट डाग जवळजवळ गायब होतात, निळ्या लाइटमध्ये तपकिरी काळा दिसतो. प्रकाशयोजना करणाऱ्याकडून जिलेटिनचा, म्हणजे लाइटवर लावायच्या रंगीत कागदाचा, तुकडा मागून घ्या, बल्बसमोर धरा आणि कपडा तीस फुटांवरून बघा. स्टेजसाठी सगळं थोडं ठळक लागतं. शूटिंग असेल तर उलट, निम्म्यावर थांबा, कॅमेरा ब्रशचा प्रत्येक फटकारा दाखवतो. शेवटी रंग पक्का करायला दोन दिवस वाळवून वरून कापड ठेवून गरम इस्त्री, कडांवर फिरवू नका, नाहीतर मेहनतीने आणलेल्या घड्या मोडतील.

प्रयोग झाला की प्रत्येक कपड्याचे पुढून-मागून फोटो काढून ठेवा आणि नटाला आत बनियन घालायला लावा म्हणजे धुवायची वेळ कमी येते. धुवायचंच झालं तर गार पाण्यात, हाताने, उलटा करून, आणि नंतर फोटो समोर ठेवून मळाचा थर परत लावायचा, खालची झीज तर तशीच राहणार.

आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात "धुवू नये, इस्त्री करू नये" लिहून ती पिशवी स्वतःच्या ताब्यात ठेवा. आमच्या नटाने स्पर्धेच्या आदल्या रात्री सदरा घरी नेला, आणि त्याच्या आईने, मायेनेच, पोराचा सदरा किती घाण झालाय म्हणून घासून धुतला, नीळ घातली आणि कडक इस्त्री करून ठेवला. सकाळी अकराला तो घडी घातलेला सदरा माझ्या हातात आला, तीन वाजता आमची एंट्री. ओला केला, पिळून नटाच्या अंगावरच घातला आणि त्याला गच्चीवर अर्धा तास उठाबशा काढायला लावल्या, घड्या परत आल्या. बाहीला स्पंजने रसाचे डाग, कॉलरला मेण, पोटऱ्यांना टूथब्रश, एवढंच केलं, चाळीस मिनिटं लागली. खालचं विटलेलं कापड, ठिगळ, विरलेले कफ, ते कुठल्या साबणाने जाणार होते! उलट नटाच्या आईच्या निळीने तो सदरा आधीपेक्षा खरा दिसत होता, तेव्हापासून त्या सदऱ्याला मी दर दोन प्रयोगांनी थोडी नीळ घालतेच.